एमिलची गोळी आणि लिडाची रायफल

मी, व्लास्ता एमिल क्रेनेक, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा शेती, राहणार होस्तिन, नाविदाद नदीचा काठ, टेक्सास, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा मुलगा एर्विन दर रविवारी ह्यूस्टनहून फोन करतो, पण त्याला दबाव म्हणत नाहीत, कटकट म्हणतात. यापूर्वी वकिलाकडे केलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात आमच्या रायफलीची नोंद 'इतर किरकोळ वस्तू' अशी केली होती, हे त्याचं एकमेव कारण.

कलम १. राहतं घर, मांसाला धुरी द्यायची खोली आणि नदीकाठची मक्याची शेतं माझी पुतणी लिडा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, हिला द्यावीत. ही जमीन गेली बावीस वर्षं तीच कसते आहे. वरचं कुरण आणि बँकेतली शिल्लक एर्विनला. शिल्लक किती आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कलम २. सॉसेज भरण्याचं यंत्र संत वाक्लावच्या देवळाला. जानेवारीत सगळं गाव मिळून सॉसेज करतं तेव्हा ते वापरावं आणि वापरल्यावर धुवावं. धुवावं हे मी मुद्दाम लिहीत आहे. कोणासाठी, ते देवळातल्या आग्नेसला बरोबर कळेल.

कलम ३. आता रायफल.

माझ्या नवऱ्याची, एमिलची, थर्टी-थर्टी रायफल. खाली दांडा असलेली, दांडा ओढला की नवं काडतूस चढतं अशी. ही एर्विनला हवी आहे. गेल्या ईस्टरला कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, खाता खाता त्याने विषय काढला.

"आई, ती बाबांची आठवण आहे. हॉलमध्ये शेकोटीच्या वर लावीन. आणि लिडाला मी रिकाम्या हाताने ठेवतोय का? माझी नवी देतो ना! दुर्बिणीसकट! पाचशे पावलांवरचा ससा उडवते."

"मक्यात ससे शिरत नाहीत, रानडुकरं शिरतात," लिडा म्हणाली.

"अगं, घे ना! फुकट मिळतंय तर नखरे कसले?"

भांडी घासताना लिडा मला हळूच म्हणाली, "काकू, त्याच्या रायफलीचा गोळी चढवायचा खटका उजव्या बाजूला आहे. मी डावखुरी. दुसरी गोळी चढवायला मला रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागेल. आणि वेळूच्या बनात चार पावलांवर दुर्बिणीतून काय दिसणार? नुसते केस!"

पोरीला मी गेल्यावर त्या बनात एकटीने शिरायचं आहे. तेव्हा तिच्या हातात काय असेल, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र आहे. बाकी सगळं माझ्यामागे भांडून घेतलंत तरी चालेल.

रानडुकरांना किरकोळ समजणाऱ्याने आमच्या काठावर एक वर्ष राहून दाखवावं. मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडले आणि आयुष्यभर तोंडात बोट घालून त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही लोखंडी पिंजरे लावले, तर म्हातारी मादी दाराशी उभी राहिली, वास घेतला आणि सगळ्या पिलांना वळसा घालून घेऊन गेली. पुराच्या वर्षी नाविदाद फुगलेली असताना एक मादी मी पोहताना पाहिली. पिलं तिच्या प्रवाहाकडच्या अंगाला नव्हती, आडोशाला होती, ओळीने. मी छपरावर बसून स्वतःच्या कोंबड्या वाहून जाताना बघत होते, तरी म्हटलं, वा गं बाई!

आणि तो नर. त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. 'तो' म्हटलं की पुरे. तो गेला तेव्हा एमिल जाऊन चार वर्षं झाली होती. जानेवारीत सॉसेजसाठी एर्विन आला होता. संध्याकाळी कुरणाच्या कडेला 'तो' दिसला आणि एर्विनने त्याच्या त्या नव्या रायफलीने, चिमुकल्या वेगवान गोळीने, बार काढला. नेम धरला हरणासारखा, खांद्याच्या मागे. हरणं मारून मोठे झालेले सगळे इथे हीच चूक करतात. डुकराचं काळीज तिथे नसतं, ते खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मध्ये. शिवाय जुन्या नराच्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली कूर्चेची, म्हणजे चिवट मऊ हाडाची, ढाल असते, बुटाच्या तळव्याहून जाड. 'तो' नुसता अंग झाडून वेळूच्या बनात गेला.

आमच्यात रीत आहे. जनावर जखमी केलं की ज्याने बार काढला त्याने आत जायचं. एर्विन म्हणाला, "सकाळी बघू." सकाळी त्याची कंबर धरली.

लिडाने भिंतीवरची थर्टी-थर्टी काढली. दुकानातली पूर्ण दारूची, जड, मऊ टोकाची काडतुसं भरली. मी काठी घेऊन मागे. ती म्हणाली, "काकू, तुम्ही घरी थांबा." मी म्हटलं, "गप चाल."

धुकं एवढं की वेळू कमरेपासून वर नव्हतेच. रक्ताचे थेंब मोजके. मग ते थेंब वळले आणि आमच्याच पायवाटेला येऊन मिळाले. तो पळाला नव्हता. वळसा घालून आमच्या वाटेवर थांबला होता.

तो एकदम दिसला, आडवा उभा. मी एवढं मोठं जनावर एवढं शांत उभं असलेलं कधी पाहिलं नाही. पाठीवरचे केस दवाने पांढरे झालेले, सुळे पिवळे, आणि श्वासाची वाफ आमच्यापर्यंत येत होती. देवाशपथ सांगते, मला भीती वाटायची राहूनच गेली. एवढंच वाटलं की हे आपल्याला बघायला मिळालं. त्याने मान आमच्याकडे वळवली, पाय रोवले, आणि लिडाने पुढच्या पायाच्या रेषेत, खाली, बार काढला. दांडा ओढून दुसरं काडतूस चढवलं तेव्हा रायफल तिच्या डाव्या खांद्यावरून तसूभरही हलली नव्हती. दुसऱ्याची गरज पडली नाही. तो दोन पावलं आला आणि गुडघ्यांवर बसला, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. मी डोक्यावरची टोपी काढली. लिडा रडत होती आणि हसत होती.

कातडं सोलल्यावर डाव्या बाजूची ढाल आम्ही धुरीच्या खोलीत टेबलावर पसरली. लिडाची गोळी आरपार गेली होती. एर्विनची वरच्या थरातच फुटून भुगा झाली होती. आणि तिच्याजवळ, कूर्चेत पार रुतून, वरून जखम भरून आलेली एक तिसरी गोळी. शिशाची, ओतीव. मी ती अंगठ्याने पुसली. बुडाशी बारीक खोबण.

ती खोबण एमिलच्या साच्याची. शिसं मी याच शेगडीवर वितळवलेलं, गोळ्या त्याने ओतलेल्या, आणि प्रत्येकीच्या बुडाशी ती खोबण उमटायची. जाण्यापूर्वीच्या शरदात एमिल घरी आला आणि म्हणाला, "व्लास्ता, त्याला लागली. मी आवाज ऐकला." रक्त मिळालं नाही. एर्विन म्हणाला, "बाबा, आता चष्मा बदला." शेजारचा हॅस्केल टब्ज तर देवळाच्या जेवणावळीत ग्लास उंच करून ओरडला, "एमिलच्या न चुकलेल्या गोळीला!" तेव्हापासून दर वर्षी ओरडतो. एमिल गेल्यावरसुद्धा. एमिल हसायचा. घरी येऊन म्हणायचा, "पण लागली होती."

लागली होती! रायफल हीच होती, नेमही बरोबर होता. खांद्याच्या ऑपरेशननंतर धक्का सोसेना म्हणून त्याने काडतुसात दारू कमी भरली होती, एवढंच. ढालीने ती गोळी धरून ठेवली आणि तो नर एवढी वर्षं ती अंगात घेऊन आमचा मका खात राहिला. त्या टेबलापाशी मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. लिडाने खुर्ची आणली.

म्हणून: रायफल लिडाला. बदल्यात काहीही घेऊ नये, दुर्बीण तर नाहीच. काडतुसं पूर्ण दारूचीच. खांदा दुखला तर शेकावा, दारू कमी करू नये.

कलम ४. एर्विनला बाबांची आठवण हवी आहे, तर गोळ्यांचा साचा त्याला. शेकोटीवर छान दिसेल. एमिलची ती गोळीही त्यालाच द्यावी.

कलम ५. एर्विनने दर शरदात, ओकची फळं पडायच्या आधी, लिडासाठी काडतुसांचा एक डबा स्वतः घेऊन यावा. टपालाने नको. आणि ती बनात शिरली तर त्याने तिच्या मागे चालावं, कंबर धरली असली तरी. मी काठी घेऊन चालले होते. बाळा, तू वाईट नाहीस रे, पण तुला कोणीतरी पुढे ढकलावं लागतं, आणि मी नसणार.

कलम ६. वर चौथ्या कलमात गोळीबद्दल लिहिलं ते रद्द. रात्रभर विचार केला, मला ती सोडवत नाही. मला पेटीत ठेवाल तेव्हा ती माझ्या उजव्या मुठीत द्यावी आणि मूठ नीट मिटावी. एमिल भेटला तर ख्यालीखुशाली नंतर. आधी मूठ उघडेन.

हे सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि माझ्या मागे यावर कोणी वाद घातला तर तो हरेल अशी माझी इच्छा आहे.

ठिकाण: होस्तिन. दिनांक: १२ नोव्हेंबर २०१९.

सही: व्लास्ता एमिल क्रेनेक

साक्षीदार:
१. आग्नेस सुलाक (यंत्राचं कळलं. धुवेन.)
२. हॅस्केल टब्ज

हॅस्केलला मी मुद्दाम साक्षीला बोलावलं. सही करण्याआधी सगळं वाचायची अट घातली. तिसरं कलम त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "व्लास्ताबाई, दाखवता का?" मी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने बुडाशी अंगठा फिरवला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मग सही केली.