बोरगावच्या बेंदराला दोन मोटारी

पिरनवाडी, बेळगाव
६ मे १९७९

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,
मष्णूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. जया आणि मुलं मजेत आहेत. माझी फियाट त्यांच्याहून मजेत आहे. परवा खानापूरला जाऊन आलो, वाटेत कुठे बॉनेट उघडावं लागलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या ऑफिसातल्या शामूरावांनी आपल्याला संकेश्वरच्या बाजारात पाहिलं. आपण बाह्या वर करून अँबेसिडरला घागरीने पाणी पाजत होता आणि भोवती बाजार जमला होता म्हणे. दाजी, तंबाखूच्या वखारीवरून निघताना पाणी बघायची सवय करा. एवढी ऐसपैस गाडी आहे, घरच्यासारखंच तिचंही खाणंपिणं बघावं लागणार.

आता कामाचं. निपाणीच्या शिबिरात आईचे डोळे ज्यांनी तपासले, त्या डॉक्टरांना मी काल इथे भेटलो. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करा, दिवाळीपर्यंत थांबलात तर मी हमी देणार नाही, असं ते स्पष्ट बोलले. पुढच्या आठवड्यात मी फियाट घेऊन बोरगावला येतो आणि आईला नेतो. आपली गाडी मधे आणू नये ही विनंती. पेशंटला धक्के सोसणार नाहीत.

आक्काला नमस्कार. गाडीवरून कितीही बोललो तरी मेहुण्यावरची माया आटू देऊ नये.

आपला,
मष्णू


निपाणी
१४ मे १९७९

चि. मष्णूस,
आण्णाप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वखारीत सगळ्यांसमोर वाचलं आणि पस्तावलो. आता हमालही मला विचारतात, मालक, गाडीला पाणी पाजलं का.

संकेश्वरला पाणी संपलं होतं हे खरं. पण तेव्हा गाडीत कोण होतं ते शामूरावांनी सांगितलं नाही. मी, तुझी आक्का, तिच्या दोन जावा, जावांची पोरं, लोणच्याची बरणी आणि एक शेळी. तुझ्या फियाटमध्ये एवढी माणसं बसवायची तर शेळीला मागून चालत यावं लागेल. राजा, अँबेसिडर ही घराची गाडी आहे. खड्डा आला तर तो खड्ड्याने बघून घ्यावा. आणि कुठल्याही गावात ती उघडून दुरुस्त करणारा माणूस भेटतो. तुझ्या नाजूक बाईला मात्र बेळगावचाच मेस्त्री लागतो. पेट्रोल तू कमी जाळतोस, एवढं कबूल करतो.

आईंचं ऐकून मीही घाबरलो. म्हणून तुझी वाट न बघता काल मीच बोरगावला गेलो. पण त्या काही केल्या बसेनात. वऱ्हाडाची लॉरी ओढ्यात कलंडली तेव्हापासून त्यांनी मोटारीत पाय ठेवलेला नाही, हे तुला माहीत आहेच. त्यांचं एकच म्हणणं, जिच्या तोंडापुढं बैल न्हाईत ती गाडी चुकली तर थांबवणार कोण. मी ब्रेक दाखवला. त्यांनी हाताने चाचपला आणि सोडून दिला. निपाणीच्या शिबिराला त्या बैलगाडीने आल्या, पण तसं बेळगाव गाठायचं तर त्यांचं वय सोसणार नाही. तेव्हा तूही येऊन बघ. पण फियाट नाकारली तर मला हसू येईल, आधीच सांगून ठेवतो.

चि. सौ. जयाला व मुलांना आशीर्वाद. पुढच्या पत्रात शामूराव नसले तरी चालतील.

तुझा,
आण्णाप्पा


निपाणी
२२ मे १९७९

चि. मष्णू यास,
रुक्माआक्काचे अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास आणि आईने तुझ्या फियाटलाही पाठ दाखवली. तेव्हापासून आमचे हे दोन पोळ्या जास्त खात आहेत. मला मात्र घास जात नाही. परवा मी बोरगावला होते. आईने चहा ओतला तो कपाच्या शेजारी. नंतर शेजारच्या भरमूच्या नातवाला जवळ घेऊन माझ्या धाकट्याच्या नावाने कुरवाळत बसली. पोरगं शहाणं, तसंच बसून राहिलं. मी चुलीपुढे तोंड करून रडून घेतलं. तुम्ही दोघं कुठल्या गाडीचं सीट मऊ यावर भांडताय आणि इथे आईचं जग रोज थोडं थोडं मिटत चाललंय, हे तुमच्या लक्षात येतंय का?

पण ऐक. निघताना तिने स्वतःच एक तोड काढली. बैलांचा बेंदूर जवळ आलाय. आबा होते तोवर वेशीत बांधलेला कर, तो पानाफुलांचा दोर, तोडायचा मान आपल्या बैलांनी कधी सोडला नाही. आबा गेले, बैल भरमूला दिले आणि दावण ओस पडली, हे तिला फार लागलंय. आता तिचं म्हणणं असं, की बेंदराला दोघांनी आपापल्या मोटारी घेऊन यावं. बैलांचे कर तोडून झाले की आपल्या घरासाठी वेशीत वेगळा दोर बांधायचा. जी मोटार तो पहिली तोडेल तिच्यात ती बसणार आणि डोळे दाखवायला जाणार. देवळासमोर शब्द दिलाय, म्हणजे ती फिरणार नाही.

ऐकून हे ताडकन उठले आणि गाडी धुवायला घेतली. तूही ये. कोण जिंकतं याच्याशी मला कर्तव्य नाही, मला आई गाडीत बसलेली बघायची आहे. जयाला आशीर्वाद, मुलांना पापा.

तुझी,
आक्का


पिरनवाडी
२ जून १९७९

तीर्थरूप आक्कास,
मष्णूचा शि. सा. नमस्कार.

घाईत लिहितो. फियाटची सर्व्हिसिंग करून घेतली. झेंडूच्या माळा आणि शिंगांना लावायचे गोंडे इथूनच आणतोय. दाजींना सांग, त्यांची गाडी अंगाने म्हैस आहे, बैलांच्या खेळात तिला प्रवेश मिळतो का ते आधी पंचांना विचारून घ्यावं. चेष्टा सोड. आईचे डोळे जाऊ द्यायचे नाहीत. मी आदल्या दिवशीच पोचतो. तुझा धीर सुटू देऊ नकोस.

तुझा,
मष्णू


निपाणी
१३ जून १९७९

चि. सौ. जयास,
रुक्माबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा गाडी घेऊन गेला आणि एस.टी.ने परत आला. का, ते त्याने सांगितलं नसेल. पोरांच्या शाळा सुरू झाल्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून बसून सगळं लिहिते.

आदल्या दिवशी आईने दोन्ही मोटारी बैल बघावा तशा हाताने चाचपल्या. पाठ, पुठ्ठे, तोंड. मग तिने विचारलं, ही पिते कुठनं? मष्णूने लगबगीने तिचा हात धरून पेट्रोलच्या झाकणावर ठेवला. तेवढ्यात ह्यांनीही तिचा दुसरा हात धरून आपलं झाकण दाखवलं. आपली गाडी कशी कमी पिते, आपली कशी भरपूर साठवते, याचं व्याख्यान झालं. आई मान हलवत होती. आम्हाला वाटलं, तिचं मन वळतंय.

बेंदराच्या दिवशी मी वडाला सूत गुंडाळून येईतो वेशीत माणूस मावत नव्हता. बैलांचे कर तुटले, गुलाल उडाला. मग आमचा दोर बांधला, आंब्याची पानं आणि नारळ लावून. दोन्ही गाड्यांवर झुली, आरशांना गोंडे. हलगी वाजली आणि दोघं निघाले. काय सांगू, पहिल्यांदा दोन्ही झोकात सुटल्या. हे पुढे, मग मष्णू पुढे. मी वडाला मागितलेलं विसरून मारुतीला नवस बोलत होते. आणि अगदी दोराजवळ येऊन फियाट खोकली. तिच्या पाठोपाठ अँबेसिडर खोकली. दोघी शेजारी शेजारी थांबल्या, त्या थांबल्याच. साऱ्या बोरगावने हसून घेतलं. दोघांची तोंडं बघवत नव्हती. मला तर रडूच आलं, कारण आता आई बसणार नाही एवढंच मला दिसत होतं.

मग भरमूला काय वाटलं कोण जाणे. त्याने आपली जोडी आणली, म्हणजे आबांचीच जोडी. ह्यांच्या गाडीला पुढून दोर बांधून बैल जुंपले आणि मष्णूची गाडी मागे बांधली. घुंगरांचा आवाज ओळखून आई गर्दीतून पुढे आली. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत फिरवत मोटारीपर्यंत पोचली आणि विचारलं, आता पुढं बैल हाईत न्हवं? भरमू म्हणाला, व्हय की, आपलंच हाईत. झालं. स्वतः दार धरून आत बसली. पदर नीट केला, पाय वर घेतले आणि म्हणाली, चला. बैलांनी कर तोडला, आमच्या घराचा मान राहिला आणि आई खिडकीतून हात जोडत वेशीतून गेली. जया, मी असं कधी बघितलं नव्हतं गं. देवळापाशी बैल सोडले तरी ती उतरेना. एकदा बसलेय, आता बेळगावला कधी न्यायचं ते सांगा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या ओढत निपाणीला आणल्या. आमचा गुंडू मेस्त्री टाकी उघडून बघतो तर आत करडीचं तेल आणि फेटलेली अंडी. त्याने हात वर केले आणि असलं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं म्हणून विचारलं. मी बोरगावला जाऊन आईला विचारलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. कर तोडायच्या आधी बैलाला तेल-अंडी पाजायची असतात, हे घरात कोणालाच कसं आठवलं नाही, म्हणून उलट मलाच बोलली. पुरुषमंडळी पोळ्या खात बसली तेव्हा तिने चाचपत जाऊन दोन्ही झाकणं शोधली. बरं, एकीलाच का नाही पाजलं म्हटलं, तर म्हणाली, दावणीला दोन हुबी असताना एकीला पाजून दुसरीला तोंड बघत ठेवायचं, असं ह्या घरात कधी झालं न्हाय.

मष्णूला ओरडू नकोस. गाडी साफ व्हायला आठवडा लागेल. आणि हसायचं तर दार लावून हस.

तुझी,
रुक्माबाई


पिरनवाडी
९ जुलै १९७९

तीर्थरूप दाजी,
मष्णूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आईच्या सांगण्याप्रमाणे संकेश्वरपर्यंत अँबेसिडर आणि तिथून पुढे फियाट, असा प्रवास सुखरूप झाला हे आपण जाणताच. माझ्या गाडीत बसल्यावर तिने वाटभर भरमूच्या बैलांची चौकशी केली. आपल्या गाडीतही तेच केलं असणार, तेव्हा या बाबतीत बरोबरी समजावी. कर अँबेसिडरने तोडला असं आपण वखारीत सांगता ते मात्र मला मान्य नाही. कर बैलांनी तोडला.

ऑपरेशन उत्तम झालं. काल पट्टी काढून चष्मा दिला. आक्का शेजारी होतीच. मी फियाट मुद्दाम खिडकीसमोर आणून उभी केली होती, पहिल्यांदा तीच दिसावी म्हणून. आईने तिकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कानाजवळ हात नेऊन म्हणाली, मष्ण्या, हे केस कधी पिकलं रं? आक्काने आम्हा दोघांनाही जवळ घेतलं. आपण तिथे हवे होता.

डॉक्टरांनी महिनाभर इथेच ठेवायला सांगितलंय. ऑफिसातली कामं फार वाढली आहेत, पण वेळ काढून तिला मीच पोचवीन. आपणही घरचेच आहात, भांडायला कधीही यावं.

आपला,
मष्णू


बोरगाव
२४ सप्टेंबर १९७९

चि. मष्णूस आशीर्वाद. जावईबापूंस नमस्कार.
सांगणार नागुबाई, लिहिणार भरमूची सून. हेच पत्र दोघास्नी धाडलंय, कमीजास्त न्हाय.

मी बरी हाय. चष्मा लावून आता तांदूळ निवडत्ये. भरमूच्या नातवाला बघितलं, कानावर तीळ हाय त्येच्या. येक कालवड आणून गोठ्यात बांधलीया, दावण आता रिकामी न्हाय.

तुम्ही दोघंबी पत्रात इचारताय, आई, दोन्ही गाड्यांत बसलीस, दोन्ही डोळ्यांनी बघितल्यास, आता खरं सांग कुठली चांगली. बसायला दोन्ही बऱ्या हाईत. मष्ण्याची पांढरी म्हणून सांगितलं व्हतं, ती ताकाच्या रंगाची हाय. जावईबापूंच्या गाडीला मागं पोचा हाय, ह्ये मला कुणी बोललं न्हवतं. पन त्येवढ्यावरनं गाडी वाईट म्हणू नये. आमच्या सोन्या बैलाचं एक शिंग मोडलं व्हतं, तरी कर त्योच तोडायचा.

मष्ण्यानं मला घरी सोडलं त्येला लई दिस झालं. जावईबापू आलते ते त्येच्या आदी, बेळगावला. दोघास्नीबी कामं हाईत, ठावं हाय मला. सांजच्याला मी कट्ट्यावर बसत्ये. पैल्यांदा मला अंगणातली तुळसबी दिसत न्हवती. आता पार चिंचेच्या वळणापतुर रस्ता दिसतोय. धुरळा उठला की मी उठून हुबी राहत्ये. आतापतुर लॉऱ्याच आल्या.

तवा चांगली कुठली त्येचं उत्तर मी हितनं बसूनच दीन. वळणावर आदी दिसंल ती.

तेल-अंडी काढून ठेवलीत. घाबरू नगा, ह्या खेपंला ती तुमच्या पोटात जातील.

तुमची,
आई