डावीकडून तिसरा

२ नोव्हेंबर, रविवार
पोलादपूरहून फोटोच्या जुन्या काचा आणल्या. पाच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. एकीचा कोपरा उडालेला, दोन काचांवर बुरशी. आंबेनळी घाटाकडे वळणाऱ्या रस्त्याला लागूनच उतेकर सरांचं घर. सर निवृत्त मुख्याध्यापक. शाळेचं नवं वाचनालय जानेवारीत उघडणार, तिथे भिंतभर फोटो लावायचा आहे, खाली सगळ्यांची नावं. सरांचे पणजोबा भिकाजी मुंबईला विद्यापीठात शिकायला गेले होते. शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट. त्यांच्या कॉलेजातल्या मास्तरांचा आणि विद्यार्थ्यांचा हा फोटो.

"तू मुंबईत हेच शिकलीस ना?"
हो म्हटलं. दोन वर्षं काचेच्या निगेटिव्ह साफ केल्या, आता बिरवाडीत खोली घेऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते, एवढं सांगितलं. परत का आलीस, हे सरांनी विचारलं नाही. बरं झालं.

सरांची थोरली बहीण, आक्का, उंबऱ्यात बसून पावटे सोलत होती. "फोटो बरा करणार व्हय? डागतर हायस काय गो?"
सर म्हणाले, केमिस्ट आहे.
"मंग गोळ्या दे म्हनावं मला गुडघ्याच्या."

पुढच्या खोलीत भिकाजींची तसबीर आहे. नुसतं डोकं, मोठं केलेलं. आक्का रोज सकाळी काचेवर कुंकू लावते. बरोब्बर कपाळावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसरी पाळी. सकाळ रिकामी. टेबलावर पांढऱ्या उजेडाची पाटी, तिच्यावर काच क्र. १.

पुसण्याआधी नुसतीच बघत बसले. हे नेहमी करते. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं. सगळ्या तरण्या पोरांचे केस, मिशा पांढऱ्याशुभ्र. पुढे खुर्च्यांवर बसलेल्या चार मास्तरांच्या दाढ्या काळ्याभोर. म्हणजे म्हातारे विद्यार्थी आणि तरुण गुरुजी. डोळ्यांच्या जागी उजेड. मागे कॉलेजची कमान, तिच्या आतला अंधार दुधासारखा.

पाऊण तास गेला. चहाला साय आली.

९ नोव्हेंबर, रविवार
क्र. १ झाली. मऊ ब्रश, हवा, कडेला थोडं स्पिरिट. चित्राचा थर असलेल्या बाजूला हात लावला नाही. कोलोडिअनचा थर, वरचं वार्निश, दोन्ही शाबूत. क्र. २ मध्ये फक्त मास्तर. क्र. ३ रिकामी कमान, बहुतेक चाचणी. ४ आणि ५ गेल्या. बुरशीने थर खाल्लाय. तिथेही कुणीतरी होतं. एका कोपऱ्यात बूट दिसतात.

डब्याच्या तळाशी घडी केलेला कागद मिळाला. बाळबोध अक्षर, भिकाजींचंच असं सर म्हणतात. 'मागील रांग, डावीकडून' आणि नऊ नावं, प्रत्येकापुढे गाव. तिसरं नाव भिकाजी, मु. पोलादपूर. सातवं महादेव, मु. दासगाव. एकाच खोऱ्यातले दोघे. एकत्रच गेले असतील. सावित्री नदीतून होडीने, पुढे बंदरावरून बोटीने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
संगणकावर निगेटिव्हची पॉझिटिव्ह केली. केस काळे झाले. एकदम सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. अंगावर काटा आला हे इथे लिहायला हरकत नाही.

पुढच्या मास्तरांच्या पायाशी पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत वर्गाचं नाव. ते सरळ वाचता येतं, म्हणजे बाजू बरोबर आहे.

मग तसबिरीतलं डोकं शोधलं. डावीकडून तिसरा तो नाही.
डावीकडून सातवा आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पुन्हा तपासलं.

सरांना फोन करून विचारलं. त्यांच्या वडिलांनी महाडच्या एका स्टुडिओत काच नेली होती. तिथे आधी काच कागदावर ठेवून छाप काढला, मग त्यातलं एक डोकं मोठं केलं. स्टुडिओवाल्याने काच उलटी ठेवली. थर खरचटू नये म्हणून चकचकीत बाजू कागदाला लावली असणार. काळजीपोटी. त्यामुळे छाप आरशातल्यासारखा आला. डावं ते उजवं. मग नावांची यादी बघून कुणीतरी छापावर डावीकडून तीन मोजले आणि त्या पोराला घरी आणलं.

चूक यादीचीच असेल का? नाही. यादीत दुसरं नाव पारशी आहे. पारशी टोपीचा मुलगा माझ्या प्रतीत डावीकडून दुसराच उभा आहे. माणसंही नऊच आहेत.

म्हणजे तसबिरीतला मुलगा दासगावचा महादेव.

आणि खरे भिकाजी हलले. तेव्हा फोटो काढताना काही सेकंद अगदी स्थिर राहावं लागे. पागोटं स्पष्ट, अंगरख्याचे बंद मोजता येतात. चेहऱ्याच्या जागी धूर. काहीही करून तो चेहरा परत येणार नाही. तो काचेवर उमटलेलाच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सांगायला म्हणून पोलादपूरला गेले आणि न सांगता आले. आक्काने घावणे केले. तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "नाक बग. आमच्या भावाचंच हाय का नाय?"
खरंच आहे. नाकाचं काय करायचं ते मला कळलं नाही.
"मी न्हान होते तवापास्नं ह्याच्याशी बोलते. सासरी धा वर्सं काढली तेवढाच खंड. मालक वारले, मी परत आले, तर हा हितंच. काय बोलत नाय, पन ऐकतो बरा."

येताना एस.टी.त समोरच्या सगळ्यांचे केस पांढरे दिसत होते. डोळे मिटले, उघडले. काळे झाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
दासगाव. गाव नदीकाठी उन्हात पडलेलं. महादेवाचं घर तीन ठिकाणी विचारलं. एका आजोबांनी मंदाताईंकडे पाठवलं. अंगणवाडीत मदतनीस आहेत, पन्नाशीच्या. जुन्या कॉलेजची माहिती गोळा करते आहे असं सांगितलं. खोटं नाही. अर्धं.

"आमच्या मालकांच्या आज्याचा चुलता गेलेला ना मुंबयला. महादेव. शिकला, आन् तिकडंच ताप येऊन गेला. लगीन नाय, काय नाय. पितरपाटात त्याच्या नावाचं पान वेगळं वाढतो आमी. पयलं त्याचं."
फोटो?
"कुठला गो फोटो! सासू म्हनायची, कावळा शिवतो तेव्हा तोंड डोळ्यापुढं आनावं. आता ह्याचं कुठलं आनू? मी आपलं माझ्या पोराचं आनते. वंगाळ वाटतं, पन दुसरं कुनाचं आनू?"

चहा घेतला. निघताना त्यांनी पिशवीत कोकमं घातली. त्यांचं माणूस माझ्या पाठीवरच्या लॅपटॉपमध्ये होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सरांना सांगितलं. घरी नाही, शाळेच्या पायरीवर. पाटी, पारशी टोपी, यादी, सगळं क्रमाने दाखवलं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मला म्हणाले, "पुन्हा मोज." मोजलं. मग स्वतः बोट लावून मोजलं.
"ह्या धुराला मी पणजोबा म्हणू?"
मी लॅपटॉप मिटला.
"आक्का आहे तोवर राहू दे. एकोणऐंशी वर्षांची आहे. तिला त्या चेहऱ्याशिवाय आहे कोण? नावं जुन्या मोजणीप्रमाणे छाप."
ते जमणार नाही म्हटलं. नावं न छापता फोटो देईन. चुकीची नावं नाही.
"तू फार कोरडी आहेस, पोरी."
असेन.

घरी आल्यावर माझ्या वारलेल्या बाबांचे चार फोटो काढून बघितले. चारही स्पष्ट. आवाज आठवत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सरांचा फोन नाही. तिसऱ्याचा धूर चारशे टक्के मोठा करून बघितला. तो अस्ताव्यस्त नाही. एका दिशेने ओढलेला आहे. सुरुवातीला चेहरा कॅमेऱ्याकडे, मग फोटोच्या उजव्या बाजूकडे वळलाय, तिथे क्षणभर थांबलाय, एका गालाची कड थोडी घट्ट आहे. परत फिरला नाही. रांगेच्या त्या टोकाला काय होतं? पाच, सहा, सात. की अंगणात कुणी आलं? की नुसता वारा?
प्रयोगशाळेत असं लिहिलं असतं तर वरिष्ठांनी खोडलं असतं. अनुमान.

सकाळी कंपनीच्या बसमधून बघितलं, खोऱ्यात धुकं होतं. डोंगर होते आणि नव्हते. उगवतीची कड तेवढी घट्ट.

३० नोव्हेंबर, रविवार
आक्काचा निरोप, शेजारच्या मुलीच्या मोबाइलवरून. "तुज्या त्या मशीनसकट ये."

सर घरी नव्हते. मुद्दामच त्यांना बाजारात पाठवलं होतं. मी बसायच्या आत तिने विचारलं.
"ह्यो आमचा नाय ना गो?"
सरांनी सांगितलं?
"तो काय सांगतोय! आट दिस झाले, भायेर जाताना फोटोकडं बगत नाय. आदी हात जोडल्याबिगर चपला घालत नव्हता. माज्याशी पन डोळा चुकवतो. ल्हानपनी दुदाची साय चोरली की असाच करायचा."

सगळा फोटो दाखवला. आधी महादेव. तिने लगेच ओळखलं, हसली. एवढ्या माणसांत तो कुणीकडे उभा असतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. "ह्याच्या शेजारी ह्यो जाड्या व्हय? मला वाटायचं एकलाच हाय."
मग डावीकडून तिसरा.
तिने पडद्यावर बोट ठेवलं. नको म्हणणार होते, म्हटलं नाही.
"हलला."
हो.
"कुनी हाक मारली असंल." बराच वेळ बघत राहिली. "आमच्यात निवांत बसलंय कोन? बापाचंबी असंच. पंगतीत सुदीक मान फिरवायचा."

तिला काय झालं ते मला वाचता आलं नाही. मांडीवरचं पावटे सोलायचं सूप सरळ केलं, पुन्हा वाकडं केलं. मग म्हणाली, ज्यांचं मानूस हाय त्यांना सांगितलंस?
नाही.
"का?"
तुमच्यासाठी, असं म्हणणार होते. ते पूर्ण खरं नव्हतं. सरांच्या शब्दामागे मी पण लपले होते, असं म्हणाले. आक्काने फक्त मान हलवली. "बोलव तिला. मी सांगते म्हनावं."

२ डिसेंबर, मंगळवार
सरांचा फोन. आवाज बसलेला. "छपाई थांबव. जानेवारीचं बघू. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलत नाही." थोड्या वेळाने, "रागाने नाही गं. ती त्या तसबिरीतल्याशीच बोलत्ये सारखी. दार लोटून."

मंदाताईंना फोन केला. या वेळी पूर्ण सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला डोळं कसलं हायत?"
मोठे, म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार
मंदाताई दहाच्या एस.टी.ने आल्या. इस्त्रीचं पातळ, हातात शेवंतीची वेणी. दारात थबकल्या. आक्का म्हणाली, "ये गो, आत ये. तुजंच घर समज." मग स्वतःच चपापली.

वीस मिनिटं तसबिरीसमोर. (घड्याळ बघितलं, सवय.) स्पर्श केला नाही. रडल्या नाहीत. "किती वर्साचा असंल हितं?"
एकोणीस-वीस.
"माजा धाकटा तेवडाच हाय. मिशी पन अशीच, आली-नाय-आली." मग कुंकवाकडे बघून, "हे कोन लावतं?"
"मी," आक्का म्हणाली. "पुसू?"
"नगं, नगं."

सरांनी आतून कात्री आणि वर्तमानपत्र आणलं, तसबीर उतरवून बांधायला. खुर्चीवर चढले. मंदाताईंनी हात वर केला. "गुरुजी, ऱ्हाऊ द्या. मी घरी इच्यारते. दीर हायत, जाऊ हाय. सगळ्यांनी मिळून ठरवाया पायजे. चार पिढ्या बिनतोंडाचं पान वाढलंय, एकदम कसं नेऊ?"
मी म्हटलं, मी दुसरी प्रत काढून देते. अगदी अशीच.
दोघींनी माझ्याकडे बघितलं. लहान मूल मधे बोलल्यावर बघतात तसं.

सर खुर्चीवर उभेच. तसबीर अर्धी खिळ्यावर, अर्धी हातात. शेवटी परत टेकवली. किंचित तिरकी राहिली. नीट करायला कुणी उठलं नाही.

वेणी कुठे घालायची यावर दोघींचं थोडं वाजलं. अखेर आक्काने ती कोनाड्यात पाण्यात ठेवली.

घावणे, चहा. साडेचारला मंदाताई निघाल्या. आक्का अंगणापर्यंत आली, गुडघ्यावर हात ठेवून.
"इच्यार घरी. सावकाश इच्यार." मग फाटकाशी, "पन लई दिस लावू नगो गो. मी आता त्याला कुठल्या नावानं हाक मारू ते मला कळंना झालंय."