मामाचे नऊ तास

आई,

मनातल्या मनात तुझा हात कपाळाला लावून, आशीर्वाद घेऊन लिहितो. मी बरा आहे, दोन्ही वेळ भात मिळतो.

क्रिसांतोमामा गावभर सांगतो म्हणे, "दोहा ते मनिला नऊ तास! डुलकी काढली की पोरगा दारात. बहिणीच्या लग्नाला यायचंच नाही, म्हणून बहाणे." त्या शहाण्याला विचार, विमान काय आपल्या सामार बेटाच्या धक्क्याला लागतं? पुढे बस आहे, बोट आहे. आणि सगळ्याच्या आधी साहेबाचं कपाट आहे, त्यात माझा पासपोर्ट. ते कपाट किती तासांत उघडतं, हे दिसतं का मामाच्या मोबाइलवर?

मी भरल्या ताटावरून निघालो, तेव्हा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून तुम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे आपापली ताटं जागच्या जागी गोल फिरवलीत. एकट्या मामाने नाही फिरवलं, त्याला माशाचं डोकं सोडवेना. असला माणूस मला अंतर शिकवणार!

तुझा गुडघा कसा आहे? लुसिंग रडते का गं? बाबांच्या जागी तिचा हात धरून मीच तिला चर्चमध्ये नेणार, असं सांग तिला. साहेब अजून हो म्हणालेला नाही, पण नाहीही म्हणालेला नाही.

नाहीच जमलं, तर तू ने तिला. मामाला तिचा हात धरू देऊ नकोस.

तुझ्या ताटाकडे डोळे लावून बसलेला,
जुनरेल