हाऊनानीसाठी एक पूर्ण गिरकी

१ जून, शुक्रवार
हाऊनानीचं तिकीट निघालं. सोळा तारीख, दुपारी एक, लास वेगास, तिच्या आईकडे. काही वाटलं नाही. भात आणि तळलेलं स्पॅम, डब्यातलं मांस, खाल्लं.
संकल्प: बोर्डवर पोटावर झोपून लाटेवर पूर्ण गिरकी घ्यायची. ती सात वर्षांची असताना कबूल केलं होतं. आता ती वीसची. बाप शब्द पाळतो हे दिसलं की पोरगी तिकीट रद्द करेल. थोडा उशीर झालाय, इतकंच.

४ जून, सोमवार, सकाळी ६
वाइकीकीच्या किनाऱ्यावर, धक्क्यापाशी. अर्धी गिरकी झाली. तोंड समुद्राकडे, पाय किनाऱ्याकडे, तसाच वाळूत. म्हणजे पन्नास टक्के काम आटोपलं.
हाऊनानी धक्क्यावरून ओरडत होती, "डॅड, आधी मान फिरव! मग पुढे सरक, पाय उचल!" तिला नववीतच जमली होती. लहानपणी हाडं हलकी असतात.

९ जून, शनिवार
दोष बोर्डचा. फार जुना. नवा घेतला.

१२ जून, मंगळवार
नवा बोर्ड फार नवा आहे.
बहीण इवालानी म्हणाली, "अरे, तोंडानं सांग ना पोरीला जाऊ नकोस म्हणून! पाण्यात गरगर फिरून काय सांगतोयस?" तिला खेळातलं काही कळत नाही.

१५ जून, शुक्रवार
कामावर, हॉटेलच्या लाँड्रीत, चादरींच्या टेबलावर सराव. पूर्ण गिरकी! सुपरवायझर म्हणाला, "अंकल, उतरा खाली, चादरी चुरगळल्या." असो, साक्षीदार मिळाला.
संध्याकाळी चाफ्याची लेई ओवली. विमानतळावर जाणाऱ्याच्या गळ्यात घालतात. ती जाणार नाहीच, पण घरात असावी. फ्रिजमध्ये ठेवली.

१६ जून, शनिवार
ठरलं होतं: सकाळी नऊला ती धक्क्यावर येणार, एक लाट बघणार, मग मी तिला विमानतळावर सोडणार. म्हणजे, गेलीच तर.
पहिली लाट हुकली. दुसरीला अर्धी. ती धक्क्यावरून दोन्ही हात हलवत होती. हुरूप आला. मीही हात हलवला आणि पुन्हा आत गेलो. असं बऱ्याचदा झालं. शेवटी पाऊण गिरकी! वर पाहिलं, तर धक्क्यावर नुसते पर्यटक.
बाहेर आलो तेव्हा साडेबारा. इवालानीचा फोन. "बहिरा आहेस का रे? पोरगी तासभर हाका मारत होती. रडायला लागली, मग मीच सोडून आले."
लेई फ्रिजमध्येच. जेवलो नाही.

१७ जून, रविवार, फादर्स डे
तिचा फोन आला. गिरकी जमली का, विचारलं. पाऊण, म्हणालो. "मी हात हलवत होते, दिसलं का?" दिसलं, म्हणालो. मला वाटलं होतं ती 'अजून एक' म्हणतेय. हे सांगितलं नाही, लाज वाटली.
मग म्हणालो, जाऊ नकोस.
ती म्हणाली, "डॅड, मी पोचले."