न्हाणीची लादी

कामोठे,
९ नोव्हेंबर १९८३

ती. भागीरथीबायस किसनचा नमस्कार. भावोजींना सांग, पोरांना आशीर्वाद.

दिवाळी झाली. भाऊबीजेला तुझ्या भावजयीने, सरस्वतीने, पाट मांडून रांगोळी काढली होती. मी तिला म्हटलं, कशाला, बाय येणार नाही. तरी नवा सदरा घालून तीन वाजेपर्यंत ओटीवर मीच बसलो होतो. येणारा-जाणारा विचारी, काय किसन, बहिणीची वाट बघतोस काय? मी म्हणे, नाय रे, पेपर वाचतोय. पेपर परवाचा होता.

पत्र लिहिण्याचं कारण न्हाणी. तू म्हणशील, हा पुन्हा त्याच विषयावर आला. आलो खरा. जुलैत जे झालं ते झालं. आजोबांनी डोंगरातून बैलगाडीत घालून आणलेला न्हाणीचा दगड मी काढला, आणि तू आईची आन घेऊन म्हणालीस की या घराच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाय टाकणार नाही. मीही तापलो होतो. शेती नव्या शहराला गेली, मिठागर गेलं, आता दगड कवटाळून किती दिवस बसायचं, असं बोललो. ते बोलणं मला अजूनही अगदी चुकीचं वाटत नाही. फक्त हळदीला आपण सगळे त्याच दगडावर न्हालो, हे तू सांगत होतीस तेव्हा मी हसायला नको होतं.

तर आता मी न्हाणी दुसऱ्यांदा बदलतो आहे. हस खुशाल. त्या निळ्या फुलांच्या चकचकीत लाद्या खालून काढतोय, भिंतीवरच्या राहू देतो. खाली काय घालावं हे ठरत नाही. सिताराम गवंडी म्हणतो शहाबादी घाल आणि वरून टाकी मारून खडबडीत करून घे. पनवेलचा दुकानदार मोझॅकच्या मागे लागलाय. तुझ्या उलव्याच्या घरी शहाबादी आहे ना? पाणी पडल्यावर तिच्यावर पाय ठरतो का? तेल लावलेला पाय?

शिवाय भिंतीला धरायला एक दांडी बसवायची आहे. ती बसलेल्या माणसाच्या हाताला यावी की उभ्या? डाव्या बाजूला लावायची आहे, उजव्या नको. आणि आमच्या ऑफिसात साहेब लोकांसाठी खुर्चीसारखं भांडं आहे, तसलं संडासात बसवलं तर आपल्या माणसांना जमेल का? नळ मी आधी कमरेइतका उंच ठेवला होता, तो आता गुडघ्याइतका खाली आणतोय. तू घर सांभाळणारी बाई, तुला यातलं माझ्यापेक्षा कळतं, म्हणून विचारतो.

आई ठीक आहे. जेवण जरा कमी झालंय. थंडीचे दिवस आहेत.

लवकर कळव, सिताराम खोळंबलाय.

तुझा भाऊ,
किसन

ता. क. दांडी लोखंडी घेऊ की पितळी? लोखंडी गंजेल असं वाटतं.



कामोठे,
२१ नोव्हेंबर १९८३

बाय,

तुझं कार्ड मिळालं. एवढं कोरं कार्ड आणि त्यावर चारच शब्द, "दांडी कोणाला लागते, किसन?" नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. पोस्टमनने माझ्या हातात देताना ते वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळलं. मी ते खिशात घालून ऑफिसला गेलो, साहेबांना चहा दिला, फायली इकडच्या तिकडे केल्या, आणि दिवसभर कार्ड काही केल्या खिशात गप्प बसेना.

आईला लागते.

आता एकदा लिहायला घेतलंय तर सगळं लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीत पडली. डावं खुब्याचं हाड मोडलं. गावात मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. उलव्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवलं की बायच्या कानावर घालू नका, उगाच तिला घोर. घोर तुझा नव्हता, माझा होता. तू खरी ठरलीस हे तुला कळू नये म्हणून मी आईचं दुखणं महिनाभर लपवलं. असा मी.

लादीचं ऐक. ती लादी भिंतीची होती. सिताराम मला तेव्हाच म्हणाला होता, "किसन, ही खाली घालायची नाय. पाय ठरनार नाय." मी त्याला म्हणालो, तू लादी लाव, अक्कल लावू नकोस. बेलापूरच्या साहेबांच्या फ्लॅटवर एकदा फाइल घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांच्या बाथरूममध्ये तीच निळी फुलं पाहिली होती. खाली काय होतं ते बघितलंच नाही, बाय. भिंतीच बघत राहिलो. मनात म्हटलं, आपल्या जमिनीवर ह्यांचे फ्लॅट, आणि आपण काय दगडावर बसून न्हायचं? आपल्या घरी वरखाली सगळी फुलं पाहिजेत. दगडावर घण मारायलाही सिताराम तयार झाला नाही. तो मीच मारला. तीन तुकडे झाले आणि संडासाच्या टाकीच्या भरावात गेले. तू आता शोधायला सांगशील म्हणून आधीच सांगतो, निघण्यासारखे नाहीत.

आईने कधी तक्रार केली नाही. ती रोज गोणपाट अंथरायची त्या लादीवर आणि त्यावर बसून न्हायची. ओलं गोणपाट मग दारात वाळत पडायचं. मला त्याची लाज वाटायची.

दसऱ्याला ऑफिसातला जयप्रकाश सोनं द्यायला येणार होता, सगळं घर बघणार होता. मी ते गोणपाट उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. आईने संध्याकाळी विचारलं, माझं गोनपाट कोनी घेतलं रं. मी म्हणालो, आता ते अंथरायचं नाही, लोक हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला तेल घालून न्हायला गेली. आवाज मी ओटीवरून ऐकला.

डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली? मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "मना चक्कर आली." तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगते. सरस्वतीलाही तेच. माझ्याकडे बघतसुद्धा नाही सांगताना, मला वाचवायचंय म्हणून. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी रडलो तरी असतो.

दांडी बसवून झाली, पितळी घेतली. शहाबादी घातली, टाकी मारून इतकी खडबडीत केली की हात फिरवला तर सालपट निघेल. नळ खाली आला. खुर्चीचं भांडं आलंय, अजून खोक्यात आहे. आणि परवा डॉक्टर म्हणाले, हाड या वयात जुळत नाही, आता छातीतही कफ भरलाय, म्हातारीला उठवायच्या फंदात पडू नका. किती दिवस, ते सांगत नाहीत. म्हणजे ती दांडी आई कधी धरणार नाही. मला हे तुला पहिलं पत्र लिहितानाही अर्धवट ठाऊक होतं. तरी मी लोखंडी की पितळी विचारत होतो. काहीतरी निवडत राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

सरस्वती तिचं अंग पुसून काढते, तेवढं ती करू देते. न्हाऊ घालतो म्हटलं की तोंड भिंतीकडे फिरवते. पाच आठवडे झाले, अंगावर पाणी नाही. जन्मभर रोज उन्हं यायच्या आत न्हालेली बाई. चार दिवसांपूर्वी सकाळी चहा पाजताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "भागीला बोलाव. तिच्या हातून न्हाईन. मंग कोन का न्हाऊ घालंना."

मंग म्हणजे कधी ते तुला कळलं असेल. आपल्यात शेवटची आंघोळ लेकीसुना घालतातच, ते तुला कोणी सांगायला नको. पण त्या आंघोळीचं पाणी कोमट आहे की गार, ते तिला कळणार नाही. ही तिला कळू दे.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आईची आन घेतलीय. आणि आता ती अशी पडलेली असताना आन मोडायची तुझी छाती होणार नाही. मोड असं मीही म्हणणार नाही. आज तर मुळीच नाही. आपण दोघं पेपर वाचतो, पण आईची आन मोडायची म्हटली की आपणही मागे सरतो.

म्हणून मी आणखी एक काम काढलं. न्हाणीची परसाकडची भिंत सितारामकडून फोडून घेतली आणि तिथे बाहेरून दार बसवलं. चांगलं रुंद आहे, आईची खाट त्यातून सरळ आत येते. सुतार चौकट घेऊन आला तेव्हा मी त्याला खालची पट्टी कापायला लावली. तो म्हणाला, अशी चौकट कोणी बसवत नाही, घराला बरं नसतं. मी म्हटलं, बसव.

तू पुढच्या दाराला येऊच नकोस. आंब्याच्या बाजूने परसात ये. चुलीवर पाणी मी तापवून ठेवीन, तुला हवं तेवढं कढत. आई तुझ्या स्वाधीन करून मी बाहेर उभा राहीन, तू हाक मारल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.

त्या दाराला उंबरा ठेवलेला नाही, बाय.

तुझा अपराधी,
किसन