दुखत नाही त्या दिवशीची गोळी

नागपूर,
९ जून २०२४

चि. प्रीतीस,
मनकर्णा मावशीचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. फोनवर तुझी आई तुला बोलू देत नाही, म्हणून पत्र.

परवा दवाखान्यात तुला पाहून आले तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सिकलसेलच्या कळांनी पाठ, छाती सगळं धरलेलं, आणि तू मलाच विचारत होतीस की मावशी, जेवलीस का. अशी सोशीक पोर आमच्या माहेरात दुसरी नाही.

तुझी आई देवकी म्हणते, नर्सिंगला तुझा नंबर लागला तरी वसतिगृहात पाठवणार नाही. तिथं कळ आली तर हिला धरणार कोण, एवढंच तिचं म्हणणं. आईचा जीव आहे वं, रागावू नको.

मोठ्या दवाखान्यातली रोजची कॅप्सूल घेतेस ना? ती कॅन्सरची असते, असं विहारात एक बाई सांगत होती. तिकडे लक्ष देऊ नको.

माया आहेच, ती कमी करू नको.
तुझी,
मनकर्णा मावशी

कन्हान,
१७ जून २०२४

ती. सौ. मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र आईनंच आधी वाचलं. मी तुले बोलू देत नाही काय, म्हणून दिवसभर बोलतच राहिली.

कॅन्सरचं मी मनावर घेत नाही. कॅप्सूल माझ्याजवळ भरपूर आहेत. दुखलं की एक घेते, नाही दुखलं तर डब्यात ठेवते. फुकट मिळतात म्हणून उधळायच्या काहून? तू विहारातले मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून नवी मेणबत्ती करतेस, मी तुझीच भाची. डॉक्टरांनी विचारलं, घेतेस का, तर हो म्हणते. घेतेच तर आहे.

पण खरं सांगू, कामाची वाटत नाही. घेतली तरी कळ थांबत नाही. आता बंदच करावी म्हणते. तू फक्त वसतिगृहाचं आईशी बोल. घरी बसून राहिले तर मी दुखण्याचीच होऊन जाईन.

सगळ्यांना माझा जयभीम. आठवण ठेव.
तुझी,
प्रीती

नागपूर,
२६ जून २०२४

चि. प्रीतीस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मनात पाल चुकचुकली. दवाखान्यात सिकलच्या ओपीडीत जाऊन बसले. बसभाडं वहीत तुझ्या नावावर टाकलंय, मागणार नाही.

तिथं शोभाताई म्हणून समजावून सांगणाऱ्या बाई आहेत. त्यांना स्वतःला सिकल आहे. याच औषधानं नखं काळसर झालीत, ती लपवत नाहीत. नव्या पेशंटपुढे हात ठेवून म्हणतात, हे एवढं होतं, आधीच पाहून घ्या. मला त्या बाईचा फार आदर वाटला.

तुझं सांगितलं तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही कळ थांबवायची गोळीच नव्हे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, म्हणून कळ येते. रोज घेतली तर त्या कमी वाकतात, पण गुण यायला महिने लागतात. रोग जात नाही, आवरला जातो. कळ आल्यावर घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

मेणबत्ती उद्याही पेटते, म्हणून मी जपते. तुझी कॅप्सूल ज्या दिवशीची होती, तो दिवस गेला. माझी काटकसर तेलामिठात चालव बाई, इथं नको.

मनानं मात्र सुरू करू नको. डबा घेऊन ये, डॉक्टरांना खरं सांग, रक्त तपासून ते सांगतील तशी घे. आधीच रक्त कमी अन् हे वरून काढतात, म्हणून तुझे बाबा कुरकुरतील. त्यांना मी पाहून घेते.

देवकीशीही बोलले. एक वर्ष पोरगी धड राहिली तर पाहू, म्हणाली.

काळजी तुझीच आहे, तिची लाज राख.
तुझी,
मनकर्णा मावशी

नागपूर,
३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतीस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. वसतिगृहाच्या पत्त्यावर तुझं नाव लिहिताना हात जरा थांबला.

पौर्णिमेला मी उपोसथाचं व्रत धरते, तेवढ्या एका दिवसातही माझं चित्त ढळतं. तू रोज, काही दुखत नसताना, कॅप्सूल घेतलीस. पावसाळ्यात एकदा कळ आलीच. पाहा तुमचं औषध, असं देवकी मला बोलली. तू तेव्हाही सोडली नाहीस, आणि रक्त न चढवता दवाखान्यातून घरी आलीस. पोरी, मी तुझ्यापुढे लहान आहे.

काल तुला सोडून देवकी माझ्याकडे आली. आल्यापासून तुझीच गाऱ्हाणी. खोलीची कडी सैल आहे, तू पाणी कमी पितेस, स्वेटर विसरलीस. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तर बाई दिवाणावर पाय पसरून गाढ झोपलेली. तिला अशी झोपलेली मी कधी पाहिली, आठवेना. तुझ्या मावसाजींनी टीव्ही लावला, तो बंद केला. चहा निवला. कन्हानची शेवटची बस गेली, तरी मी तिला उठवलं नाही.

पाणी पीत जा. आमच्यावर जीव असू दे.
तुझी,
मनकर्णा मावशी