ती ज्या शब्दांनी शोधते

अप्पा,

तुम्ही शिकवलेली एक गोष्ट या वर्षी कामाला आली, आणि ती कामाला आली याचाच मला राग आला आहे. म्हणून लिहिते. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. तुमच्या तिथीला दर वर्षी देवापुढे तुमच्या नावाचा दिवा लावला, पण तुमच्याशी बोलले एकदाही नाही. कागद पाठकोरे आहेत, सुनेच्या ऑफिसातून आणलेले. एका बाजूला तिचे कसलेतरी आलेख, दुसऱ्या बाजूला तुम्ही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या ग्रंथालयातली पुस्तकसूचीची कार्डं घरी आणायचात आणि मी ती अकारविल्हे लावायची. दहा वर्षांची असेन. कधी सायकलच्या दांडीवर बसवून मला तिकडेही न्यायचात, भर उन्हात, आणि तुमचा श्वास माझ्या केसांत लागायचा. एकदा मी एका वैद्यकीच्या पुस्तकाचं कार्ड फक्त 'उदररोग' या शब्दाखाली लावलं. तुम्ही माझ्या बोटांवर रूळ मारलात. "वाचक उदररोग म्हणत येतो का? तो पोट धरून येतो. पोटदुखी म्हणतो. आधी त्याच्या शब्दाचं कार्ड कर आणि त्यावर लिही, उदररोग पाहा. त्याला शहाणं करायला बसू नकोस, आधी आत घे." बोटं सुजली होती, तरी वाटलं, केवढं मोठं आहे हे. अजून वाटतं. मॅट्रिकपर्यंत किती मास्तर आले-गेले, एवढं सरळ मला कुणी काही सांगितलं नाही.

त्याच सुट्टीतला तो दुपारचा चहा. ओट्यावर जागा नव्हती म्हणून आईनं दुधाचं पातेलं कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. उचललं तेव्हा वरच्या कार्डावर गोल डाग. तुम्ही उठलात, तिचा डावा हात धरून ओट्याच्या कडेवर सपाट दाबलात आणि रूळ मारलात. मी मोजले, सात. तिसऱ्याला हाड मोडलं, शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला, आणि तरी पुढचे चार झाले. शेजारी ऐकतील म्हणून आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे डोळे माझ्याकडे आहेत, मी कार्डांकडे बघते आहे. मग तुम्ही परत पाटावर बसलात, श्वास थोडा वर-खाली, आणि मला म्हणालात, "हं, पुढचं?" आणि मी पुढचं कार्ड वाचलं. तेही त्याच आवाजात, अप्पा. डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, मोरीत पाय घसरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हिरवं शाईचं पेन आणलंत. आईचं ते बोट नंतर कधी सरळ झालं नाही.

आता मी बडोद्याला, वासण्यात राहते, मुलगा आणि सुनेजवळ. हे गेल्यापासून आठवड्यातून तीन दुपारी एका संस्थेत जाते. मार खाल्लेल्या बायकांना तिथे वकील मिळतो, चार दिवस निजायला जागा मिळते. संस्था चालवतात त्या बेन निवृत्त शिक्षिका, फार सज्जन आणि फार बोलक्या. मला त्यांनी जमाखर्चाला घेतलं, आणि पहिल्याच महिन्यात आलेल्या बायकांच्या नोंदीची वहीही माझ्याकडे दिली. त्या वहीत 'तक्रारीचे स्वरूप' असा रकाना आहे. आधीच्या बाईंनी सगळीकडे 'शारीरिक छळ', 'शारीरिक छळ' असं लिहून ठेवलं होतं. मी तिथे बाई आत येऊन पहिलं वाक्य जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायला लागले. 'हा पिऊन येतो न मग सुरू.' 'सासू धरे छे न ए मारे छे.' 'मने कशुं नथी थयुं, खाली कान मां संभळातुं नथी.' काही झालं नाही म्हणते, फक्त कानानं ऐकू येत नाही. का लिहायला लागले, ते मला तेव्हा कळलं नाही. हात आपोआप तसा चालला.

संस्थेची वेबसाइट आहे. ती सुनेनं फुकट बांधून दिली, तिचं कामच ते. सून गुजराती आहे, पोरगी गुणाची, मराठीत सुरू करते आणि गुजरातीत उतरते. मजकूर मात्र बेननी लिहिला होता. उघडलं की आधी उद्घाटनाचा मोठा फोटो, पाहुणे, हार, समई. मग 'कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांकरिता समुपदेशन व पुनर्वसन'. फोन नंबर सर्वांत खाली. दोन वर्षांत त्या साइटवरून आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. बेन म्हणायच्या, "आपल्या बायकांना कुठे येतं हे मोबाइलवर शोधणं!"

मग श्रावणात छाणीहून एक बाई आली. नवरा वर्कशॉपमध्ये लेथवर. इस्पितळातल्या आयाबाईनं तिला हाताला धरून आणलं. उकळता चहा तिच्या मानेवर ओतला होता, अख्खं पातेलं. कानामागून खांद्यापर्यंत कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी, ब्लाउजची बाही कापून काढलेली. मी वही उघडून पेन धरलं. बेन म्हणाल्या, "अरेरे, बेटा, आधी का नाही आलीस ग?" तिनं वर पाहिलं. रडत नव्हती. म्हणाली, "शोध्युं तो हतुं, बेन. तमे क्यां हता?"

तिनं शोधलं होतं. नवरा अंघोळीला गेला की त्याच्याच मोबाइलवर, आठ दिवस रोज. 'घरवाळो मारे तो शुं करवुं.' आम्ही निघालो नाही. निघाला तो एक बाबा, देवीचा फोटो लावून बसलेला: चोवीस तासांत पती मुठीत. त्यानं पोस्टानं एक पुडी पाठवली, अकरा दिवस चहातून द्यायची. चौथ्या दिवशी नवऱ्याला ती पिठाच्या डब्यात सापडली. त्यानं विचारलं, हे काय. तिनं सांगितलं नाही. चहा शेगडीवर होताच.

घरी येऊन मी सुनेच्या मोबाइलवर ते शब्द तिच्याकडून घालून घेतले. पहिला बाबा, दुसरा बाबा, तिसऱ्या जागी हसवायचे व्हिडिओ, बायको नवऱ्याला लाटण्यानं मारते वगैरे. आम्ही पाचव्या पानावर. सून म्हणाली, "मम्मी, पाचव्या पानावर कुणी जातच नाही. तिथे मडदुं दाटो तोये कोईने ना मळे." प्रेत पुरलं तरी सापडायचं नाही, म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाल्यावर मी त्या बाबाला फोन लावला. दाण्याचं कूट करत होते, बत्ता हातातच होता. म्हटलं, माझ्या मुलीला नवरा मारतो. "माताजी, गभराओ मत, बस ग्यारह दिन." मी म्हटलं, मेल्या, चौथ्या दिवशी एकीची मान उकलली, तिचं काय? तो हसला. "तो उसने विधि बराबर नहीं की होगी." देवीच्या नावावर बसून हसला. मी बत्ता असा आपटला की ओट्याच्या कडप्प्याचा टवका उडून माझ्या गालाला लागला. फोन कधीच बंद झाला होता आणि मी आपटतच होते. तो समोर असता तर काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे. देवीपुढे उभी राहून सांगते, हात थांबला नसता.

त्या दुपारी मी नोंदवही घेऊन सुनेपुढे बसले. म्हटलं, या वहीतली वाक्यं घाल पानावर. जशी आहेत तशी. ती वाचत गेली आणि घालता घालता सुधारत गेली. 'घरवाळो' काढून 'पती', 'मारे' काढून 'अत्याचार करे'. "मम्मी, थोडं सभ्य पायजे ने? संस्थेचं नाव आहे." मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी तिचं मनगट धरलं आणि टेबलावर सपाट दाबलं. काचेची बांगडी तिच्याच हातात रुतून फुटली. रक्त आलं, टेबलावर दोन थेंब. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी ते डोळे ओळखले, अप्पा. आणि माझ्या हातालाही ओळखलं.

मी हात सोडला. हळद आणली, पाय धरायला वाकले तर तिनं मागे घेतले. मग तीच म्हणाली, "हवे पछी आवुं नहीं, मम्मी. असं परत नाही, एकदा पण नाही. मी माझ्या घरी जाईन." म्हटलं, जा. एकदा जरी झालं तरी जा. पोलिसातही जा. तिनं मनगटाला रुमाल बांधला आणि म्हणाली, "हं, आता सांगा, का नको पती?"

तेव्हा मी तिला तुमचं सांगितलं. रुळाचं नाही, पोटदुखीचं. ती खुर्चीत सरळ बसली. "हेच तर मला ऑफिसात शिकवलं, मम्मी! ते शोधून देणारं मशीन पण हेच बघतं." मग तिनं मला समजावलं. विचारणारा ज्या शब्दांनी विचारतो ते पानावर आहेत का, हे आधी बघतं. मग आलेला माणूस वाचत थांबतो की आल्या पावली पळतो. मग दुसरी भरवशाची ठिकाणं तुमच्याकडे बोट दाखवतात का. बाबा पैसे भरून वर बसला आहे, त्याची तक्रार करता येईल, पण उठेल याची खात्री नाही. त्याच्या खालची पहिली जागा मात्र भांडून घेता येते. "मारामारीच आहे ही," सून म्हणाली, आणि मनगटावरचा रुमाल घट्ट केला.

आम्ही एकेका वाक्याचं एकेक पान केलं. वर तिचं वाक्य, त्याखाली लगेच नंबर, त्याखाली आज रात्री काय करायचं, उद्या सकाळी काय. 'कौटुंबिक हिंसाचार' हा शब्द तळाशी, वकिलाच्या पानाकडे नेणारा. गुजराती, मराठी, हिंदी, आणि पोरी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहितात तसंही. एक लाल बटण, नवरा खोलीत आला की दाबायचं, लगेच हवामानाचं पान उघडतं. उद्घाटनाचा फोटो काढायचा म्हटल्यावर बेन रुसल्या. "पाहुण्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, "बेन, स्वस्तातल्या मोबाइलवर तो फोटो उघडेपर्यंत त्याची अंघोळ होते." बेन संध्याकाळी स्वतःच फोन करून म्हणाल्या, काढून टाका. मग बेन आणि मी रिक्षा न करता बसनं हिंडलो. दोन दवाखाने, एक कॉलेज, वकिलांचं मंडळ. तुमच्या साइटवर आमचा पत्ता द्या, एवढंच मागायचं. एका गृहस्थांनी विचारलं, बडोद्यात चांगल्या घरांत असं असतं का हो? मी म्हटलं, असतं. माझ्या वडिलांच्या घरात होतं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही परक्या माणसाच्या चकचकीत टेबलापुढे.

दिवाळीपर्यंत पाचव्यावरून तिसऱ्या पानावर आलो. मार्गशीर्षात पहिल्या. आता बाबाच्या खाली आम्हीच. मागच्या महिन्यात कोयलीकडून एक बाई आली, ओठ फाटलेला, पोटात सातवा महिना, मोबाइल छातीशी धरलेला. दारातच तिनं मला तो दाखवला. "जुओ, आ ज लख्युं हतुं में. आ ज." आम्ही लिहिलेलं वाक्य तिचंच होतं. मी तिला आत घेतलं. वहीत लिहायला मला नवीन काहीच नव्हतं.

मग गेल्या गुरुवारी सून म्हणाली, मुलांसाठीही एक पान करू. पोरं आता सगळं मोबाइललाच विचारतात. 'पप्पा मम्मीने मारे छे, हुं शुं करुं.' पप्पा मम्मीला मारतात, मी काय करू. मुलांनी काय काय लिहिलं असेल ते तुम्ही सांगा, मम्मी, तुम्हाला बरोबर सुचतं. मी सांगत गेले. आवाज येतो तेव्हा कुठे लपू. मी सांगितलं तर पप्पांना पोलीस नेतील का. मी मध्ये पडले नाही तर माझी चूक का. तिनं सगळं घातलं, बोटं भराभर चालत होती. आणि मग थांबून, मनगट चोळत, जरा घाबरतच तिनं विचारलं, "मम्मी, कोई छोकरुं एवुं पण शोधे? की पप्पा मारतात, पण मला पप्पाच सगळ्यांत जास्त आवडतात?"

मी म्हटलं, नाही. असं कुणी शोधत नाही. ती ओळ घालू नकोस.

तिनं घातली नाही. आता कुठल्या घरात कुणी दहा वर्षांची पोरगी नेमकं तेच विचारेल, आणि तिला आम्ही सापडणार नाही. बाबा सापडेल. पान कालपासून सुरू झालं आहे. सुनेला अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मी खोटं बोलले, अप्पा.